टाकीतलं बूच

मोटारीत बसल्यावर समोर पेट्रोलचा काटा दिसतो. तो कोणीतरी बनवलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मी ते काटे बनवत असे. असं सांगितलं की समोरचा माणूस एकदा माझ्या लुगड्याकडे बघतो, एकदा हातांकडे बघतो आणि विषय बदलतो. दिवाळी अंकात वाचणाऱ्याला विषय बदलायची सोय नसते, म्हणून यंदा सांगून टाकते.

गोष्ट पन्नास सालाच्या पुढची. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या मामांचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, एक लेथ, एक भाता, आणि दारावर पाटी : ‘बिडी बाहेर विझवा’. लग्नानंतर थोड्याच काळात मी मामांकडे परत आले. त्याची कारणं इथे लिहिण्यासारखी नाहीत. मामांनीही ती विचारली नाहीत. मॅट्रिकला ड्रॉइंगमध्ये मार्क बरे होते का, एवढंच विचारलं आणि जळलेल्या डायनॅमोची तार सोडवायला माझ्यापुढे टाकली. महिन्याभरात मी नवी तार भरायला लागले. केसासारखी बारीक तार एकावर एक न चढू देता गुंडाळणं म्हणजे वाती वळण्याइतकंच काम आहे, फक्त वातींना कोणी रिपेअरिंग म्हणत नाही.

जिल्ह्यात मोटारी थोड्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक लढाईनंतर लिलावात निघालेल्या जीपा आणि ट्रक. काही त्याहूनही जुन्या, कोणा जमीनदाराच्या वडिलांनी हौसेनं आणलेल्या. पेट्रोल मिळायचं चांद्यात. दक्षिणेकडे आलापल्लीचं सागवान, त्यापुढे अहेरी, त्याहून आत भामरागड. तिकडे गेलेल्या गाडीचं पेट्रोल संपलं, तर डब्यात बरोबर नेलेलं तेवढंच आपलं. नाहीतर कोणा ठेकेदाराच्या डेपोवर जाऊन गोड बोलायचं. लिलावातल्या गाड्यांचे काटे बहुधा मेलेले असत. नागपूरला नवे मागवावेत तर महिनोन्‌महिने येत नसत, आले तर भलत्याच टाकीचे. म्हणून मामांनी काटे घरीच बनवायचं ठरवलं. लेथकाम त्यांच्याकडे आणि काट्याचं गणित माझ्याकडे आलं.

गणित फारसं अवघड नाही. टाकीत एक हलका गोळा तरंगत असतो, त्याला आम्ही फ्लोट म्हणायचो. पेट्रोल खाली गेलं की तो खाली येतो. त्याला एक दांडी असते, आणि दांडीचं दुसरं टोक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. ते जसं सरकेल तशी वीज कमीजास्त होते आणि समोरचा काटा हलतो. झालं. अडचण एवढीच, की टाकी कधी सरळ डब्यासारखी नसते. ड्रायव्हरच्या पायाला जागा हवी म्हणून एक कोपरा कापलेला, खालून दांडा जातो म्हणून पोट आत घेतलेलं. अशा टाकीत वरचं एक गॅलन बोटभर जागा घेतं आणि तळातलं चांगलं वीतभर. म्हणून मी आधी टाकी रिकामी करून तिच्यात एकेक गॅलन ओतत असे, दर गॅलनला फ्लोट कुठे आला त्याची खूण करत असे, आणि त्या खुणांप्रमाणे, वेटोळ्याची तार जिच्यावर गुंडाळायची ती पट्टी कुठे रुंद, कुठे अरुंद कापत असे. पट्टीचा आकार कधी शेंगेसारखा यायचा, कधी चपलेसारखा. पण काटा मात्र दर गॅलनला सारखा सरकायचा. पहिला तसा सरकला तेव्हा मामांनी आणखी एक गॅलन ओतून पाहिलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दक्षिणेकडच्या एका जमीनदारांची फार जुनी मोटार होती, तिची टाकी पुढच्या गादीखाली. पेट्रोल बघायचं तर गादी उचलून झाकण काढायचं आणि आत काठी घालायची. बाकी सगळं ठीक, पण त्या गादीवर जमीनदारांच्या आईसाहेब बसत. मागे बसलं की त्यांना मळमळत असे. अंग चांगलंच भरलेलं, गुडघे दुखरे. त्यांना उतरवून, सावलीला नेऊन, पेट्रोल बघून परत बसवायचं म्हणजे अर्धा प्रहर जायचा. मोटार आमच्या दारात आली तेव्हा आईसाहेब आतच होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या,

“पोरी, ह्या मोटारीले माहा इतका राग काऊन आहे? बसली का उठवते, बसली का उठवते.”

मी म्हटलं, “काटा बसवला की उठावं लागणार नाही.”

“मंग तो काटा माह्या बाजूनं लाव. ड्रायव्हरले नाई दिसला तरी चालते.”

खरोखरच तो मी त्यांच्या बाजूला लावला. पुढे ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. काटा अर्ध्यावर आला, की आईसाहेब गाडी परत फिरवायला लावतात. लग्नाला निघालेली मोटार त्यांनी वाटेतून घरी आणली होती. नवरी त्यांच्याच नात्यातली होती. मी म्हटलं, यात काट्याचा काही दोष नाही. तो म्हणाला, “दोष नाई जी, पन आधी बरं होतं. आधी कोनालेच काई मालूम नव्हतं.”

दुसरा एक सर्व्हिस मोटारवाला होता, गावोगाव उतारू नेणारा. तो नदीच्या उतारावर गाडी उभी करून काठी घालायचा आणि रोज पेट्रोल वाढलेलं बघून खूश व्हायचा. गाडी तिरकी असली की पेट्रोल एका बाजूला जातं आणि काठी तिथेच बुडते, हे त्याला पटायला वेळ लागला. त्याच्यामुळे मी एक शिकले. फ्लोट टाकीच्या मधोमधच हवा, मग दांडी कितीही वाकवावी लागो.

आता फ्लोटबद्दल. कारखान्यातले फ्लोट पितळी, पोकळ असत. पातळ पत्र्याचा गोळा करून त्याचा सांधा कथलानं असा डाखायचा, की पेट्रोल थेंबभरही आत जाऊ नये. आमच्याकडे ते जमत नव्हतं. दहातले सहा-सात पाझरायचे. म्हणून मी बूच वापरलं. दवाखान्यातल्या मोठ्या बरण्यांची बुचं मिळत. ती जोडून, तासून, त्यांवर लाखेचे हात द्यायचे. उघडं बूच पेट्रोल पितं आणि जड होतं. लाख लावलेलं पीत नाही. लाख तर आमच्या जिल्ह्याची. पळसाच्या फांद्यांवरची लाख बायका बाजारात विकायला आणत. ती निवडून, धुऊन, स्पिरिटमध्ये भिजवली की विरघळते. त्याचा पातळ हात द्यायचा, वाळवायचा, पुन्हा द्यायचा. पेट्रोलमध्ये वर्षभर ठेवलं तरी लाखेला काही होत नाही. मी ठेवून पाहिलं होतं. असे फ्लोट आमच्याकडून जिल्हाभर गेले आणि बरे चालले. स्वस्त होते, आणि मला त्यांचा अभिमान होता. तो अजूनही आहे. पण एका जीपची गोष्ट सांगायला हवी.

नारायणशेठ म्हणून जंगलाचे एक ठेकेदार होते. त्यांचं सागवान आणि बांबू आलापल्लीच्या पुढून येत असे. माणूस व्यवहाराला चोख, पण संशयी. मजुरांवर संशय, मुनशीवर संशय, आणि सगळ्यात जास्त ड्रायव्हरांवर. त्यांच्या जीपचा ड्रायव्हर पोचूभाऊ. तो सिरोंचाकडचा, काळासावळा, कमी बोलणारा, कानात बाळी. दारूला शिवत नसे, म्हणून शेठनं त्याला खास स्वतःच्या जीपवर ठेवलं होतं. तरीही आमच्याकडे काटा बसवायला शेठ आले ते पोचूभाऊवर नजर ठेवण्यासाठीच. तसं त्यांनी पोचूभाऊच्या समोरच सांगितलं.

“बाई, मले असा काटा पायजे का ह्यानं वाटीभर पेट्रोल काढलं तरी दिसलं पायजे.”

पोचूभाऊ टायरला टेकून उभा होता. म्हणाला, “शेठ, तिथी जंगलात पेट्रोल घेते कोन? अस्वल घेते का?”

शेठही हसले. काटा बसला. शेठना इतका आवडला, की पावसाळ्यानंतर त्यांच्या साऱ्या ट्रकांना असेच काटे बसवायचं त्यांनी मामांशी तोंडी ठरवूनही टाकलं. आमच्यासारख्या वर्कशॉपला ते काम म्हणजे लेथ नवी घेण्याजोगं होतं.

त्या पावसाळ्याआधीच, उन्हाळ्याच्या शेवटी, शेठ जीप घेऊन आले. मागच्या बाकावर स्वतः बसलेले, आणि पोचूभाऊ चालवत होता. शेठ उतरले ते थेट माझ्यापाशी.

“बाई, काटा तुमचाच आहे ना?”

“आमचाच.”

“मंग सांगा. मी मोजून डबे देतो. हा टाकीत ओतते. मी बसून काटा पाहतो, तर दोन गॅलन कमी. दर वेळी दोन गॅलन कमी. मी का पागल आहो का? आज तुमच्यासमोर फैसला करा. काटा खोटा असंन तर तसं सांगा, हा खोटा असंन तर मी ह्याले इथूनच ठाण्यात नेतो.”

पोचूभाऊ खाली बघत होता. मी त्याला म्हटलं, “तुम्ही शेठना झाकण उघडून दाखवायचं.”

“दाखवलं बाई. शेठ म्हनते, आत अंधारच दिसते.”

हे मात्र खरं होतं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली, आणि तोंडातून आत बघितलं तर काही कळत नाही.

मामांनी शेठना खुर्ची दिली, चहा मागवला. मी आणि पोचूभाऊनं टाकी रिकामी करायला घेतली. नळी लावून पेट्रोल आमच्या मापात उतरवलं. शेठनी डबे मोजून दिले होते, आमच्या दारात येईपर्यंत जळलेलं थोडं सोडलं तर तेवढं सगळं निघालं. मी ते शेठना हाक मारून दाखवलं. म्हणजे पोचूभाऊ चोर नाही, हे त्याच क्षणी ठरलं. मला वाटलं आता संपलं. पण शेठ खुर्चीतून उठलेच नाहीत.

“मंग काटा इतके दिवस बरोबर होता तो आताच काऊन बिघडला? ह्यानं आत हात घातला असंन. काटा खोटा पाडून ठेवला, का मंग पुढे बिनधास्त चोरता येते. खोलून पाहा, बाई. ह्याचा हात लागला असंन तर आजपासून हा माह्या गाडीवर नाई.”

मी वेटोळं आणि फ्लोट सोडवून बाहेर काढले. स्क्रूवर माझीच खूण होती, कोणी हात लावलेला नव्हता. फ्लोट मात्र हातात घेतला तर जड. लाख पांढरी पडली होती. दुधाची साय असावी तशी. जागोजाग फोड आलेले, आणि दोन ठिकाणी सोलून खालचं बूच उघडं पडलेलं. तिथून ते पेट्रोल पिऊन फुगलं होतं. जड झालेला फ्लोट खोल तरंगतो, म्हणून दोन गॅलन कमी. काट्याचं काय झालं ते कळलं. पण लाख पांढरी का पडली?

पेट्रोलनं ती पडत नाही. पाण्यानं नुसती पांढरी पडते, सोलत नाही. लाख काय केल्यानं सुटते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, मी तर ती रोज स्पिरिटमध्ये भिजवत होते. या जीपच्या टाकीत स्पिरिट गेलं होतं, आणि तेही पाणी मिसळलेलं. पाणी मिसळलेलं स्पिरिट आमच्या जंगलात एकाच ठिकाणी मिळतं, मोहाच्या भट्टीवर.

मी फ्लोट फडक्यात गुंडाळला आणि पोचूभाऊला शेडच्या मागे, भात्यापाशी बोलावलं. भाता त्या दिवशी थंड होता.

“पोचूभाऊ, टाकीत दारू कोणी टाकली?”

तो म्हणाला, “मी पेत नाई, बाई. माह्या मायची शपथ.”

“तुम्ही पिता असं मी कुठे म्हटलं?”

“मी नाई पेलो,” तो म्हणाला. “गाडी पेली.”

मग हळूहळू सांगितलं. भामरागडच्या अलीकडे शेठचं कूप होतं. कूप म्हणजे जंगलतोडीसाठी नेमून दिलेला तुकडा. तिथल्या एका मजुराच्या पायावर त्याचीच कुऱ्हाड बसली. हाडापर्यंत. पोचूभाऊ मुनशीला सोडायला तिथे गेला होता. मुनशी म्हणाला, शेठच्या जीपमध्ये मजूर घ्यायचा नाही असा हुकूम आहे. पोचूभाऊनं मजुराला घेतलं, त्याच्या भावाला घेतलं आणि अहेरीच्या दवाखान्याकडे निघाला. वाटेतल्या नदीत चाकं रेतीत रुतली. ती काढता काढता इंजिन इतकं पळवलं, की बरोबरचा डबाही संपला. पुढच्या टोल्यावर, म्हणजे चार-पाच घरांच्या वस्तीवर जीप बंद पडली.

“मंग?”

“मंग का. रक्त थांबून नव्हतं राह्यलं. बैलगाडीनं सांज झाली असती. त्या टोल्यात लगन होतं, दोन दिवसांवर. लग्नाची गाळून ठेवली होती. पहिल्या धारेची. म्हातारा म्हनाला, हे काडी लावली तर निळी पेटते, तुया इंजनात काऊन नाई पेटनार? मी म्हनलं, पाहून घेऊ. धोतरातून गाळून ओतली, दोन हंडे. चोक ओढून ठेवला. चालली, बाई! खोकत खोकत चालली. सारा रस्ता वास. तो जखमी माणूस दुखनं विसरून हसून राह्यला होता.”

“पाय?”

“वाचला. लंगडते थोडा.”

मी म्हटलं, “हे शेठना सांगितलंत तर त्यांना कळेल की तुम्ही काट्याला हात लावला नाही.”

“सांगितलं का मजूर बसवला म्हणून माही नोकरी गेली,” तो म्हणाला. “मुनशीनं आपल्यावर येते म्हनून शेठले सांगितलं नाई. नोकरी गेली तर गेली. पन शेठ विचारनच, दारू कुठची? कोनत्या टोल्यातली? मुनशीले नदी मालूम आहे, रस्ता मालूम आहे. अबकारीवाले उद्या जाऊन म्हातारा बांधून आनते. त्याहीनं लगनाची दारू देली बाई. लगन कोरडं झालं त्याहीचं. नाव मी नाई सांगनार.”

“मी नाव विचारलंच नाही.”

“तुमी नाई विचारनार. शेठ विचारन.”

खरं सांगायचं तर मला त्या वेळी आधी ट्रक आठवले. शेठसमोर जाऊन ‘फ्लोट उत्तम होता, तुमच्या ड्रायव्हरनं त्यात दारू ओतली’ एवढं म्हटलं, की आमचं नाव स्वच्छ, ट्रकांचं काम पक्कं. एक शब्द त्यात खोटा नव्हता. मामा तोवर मागे आले होते. त्यांनी माझ्या हातातलं फडकं उघडलं, पांढरी लाख नखानं खरवडली, वास घेतला. वास राहिला नव्हता. पण मामांनी आयुष्यभर लाख वापरली होती. त्यांनी पोचूभाऊकडे बघितलं, मग माझ्याकडे. फ्लोट परत माझ्या हातात देऊन लेथपाशी गेले आणि चालू नसलेली लेथ पुसायला लागले.

मी शेठपुढे जाऊन फ्लोट टेबलावर ठेवला.

“शेठ, स्क्रू माझ्या खुणेवर आहेत. कोणाचा हात लागलेला नाही. लाख सुटली आणि बुचानं पेट्रोल प्यायलं. बूच निकामी झालंय.”

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे माल खराब?”

“हो.”

“तुमचा माल?”

“आमचाच.”

“आणि मी ह्याले ठाण्यात नेऊन राह्यलो होतो! तुमच्या खराब मालापायी!” शेठ आता खरे तापले. पोचूभाऊच्या बाजूनं तापण्याची त्यांची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. “आणि हेच काटे मी साऱ्या ट्रकांले लावनार होतो. वाचलो.”

मी म्हटलं, नवा फ्लोट आमच्या खर्चानं देऊ. तोवर काटा काढून ठेवावा लागेल, नाहीतर खोटंच दाखवत राहील. शेठ म्हणाले, काढा. मी काढला. समोरच्या पट्टीवर काट्याच्या जागी वाटोळं भोक राहिलं. त्यातून तारा लोंबत होत्या, त्यांना मी चिकटपट्टी गुंडाळली. आम्ही पेट्रोल परत टाकीत भरलं. शेठ मागे बसले, पोचूभाऊनं गाडी सुरू केली. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शहाणा माणूस.

जीप गेल्यावर मामा म्हणाले, “ट्रकांचं काम गेलं.”

“गेलं.”

“हं.” टेबलावरचा फ्लोट उचलून म्हणाले, “पण बूच खराबच म्हणायचं ना. ज्या गावात गाडीच्या टाकीत मोहाची पडते, त्या गावात लाखेचा फ्लोट चालत नाही.”

मी म्हटलं, “मग पितळेचा शिकवा.”

त्यानंतरचा सगळा पावसाळा आम्ही पितळी गोळ्याचे सांधे डाखत काढला. भामरागडचा रस्ता बंद होता, गाड्या कमी येत होत्या, वेळ भरपूर होता. मामा पत्रा दाबून अर्धगोल काढत, मी डाखत असे. डाखलेला गोळा गरम पाण्यात बुडवायचा. सांध्यातून बुडबुडा आला की बाद. बादलीभर गोळे बाद झाले. त्यांतले चांगले दिसणारे शेजारच्या मुलांनी नेले आणि त्यांच्या म्हशीच्या गळ्यात बांधले. पावसाळा सरता सरता एक असा निघाला, की रात्रंदिवस पाण्यात ठेवला तरी बुडबुडा नाही. मग मी तो एका बरणीत पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूत ठेवला. बरणी कुठून आली हे मामांनी विचारलं नाही. आठवडे गेले, फ्लोटला काही झालं नाही. बरणीतली दारू मात्र थोडी कमी झाली. मामा म्हणाले, उडून गेली असेल.

आमचं नाव मालक लोकांत उतरलं ते उतरलंच. ‘त्या बाईचा काटा कमी दाखवतो’, हे मी पुढे कितीतरी वर्षं ऐकलं, कधी माझ्याच तोंडावर. मोठ्या ठेकेदारांनी नागपूरकडचे काटे मागवले. आमच्याकडे छोटी गिऱ्हाइकं राहिली, एकेक गाडीवाली. मामांना नवी लेथ शेवटपर्यंत घेता आली नाही. त्याचं मला वाईट वाटतं. जुनी लेथ डावीकडे खेचायची, आणि प्रत्येक काम त्यांना दोनदा करावं लागायचं. आज तिथे शेड नाही, रेडिओचं दुकान आहे.

शेठच्या जीपचा पितळी फ्लोट तयार झाला तेव्हा मी निरोप धाडला, गाडी पाठवा, बसवून देते. निरोपाचं उत्तर घेऊन पोचूभाऊच आला. गाडी आणली नव्हती, चालत आला. बसला, पाणी प्यायला.

“शेठ म्हनते, काट्याची घाई नाई.”

“फुकट देते म्हटलंय मी.”

“सांगितलं. म्हनते, फुकट असला तरी गाडी दिवसभर उभी राह्यते. काम खोळंबते.”

“मग पेट्रोल किती आहे ते शेठना कळतं कसं?”

पोचूभाऊनं पाण्याचा गडू खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

“मले विचारते,” तो म्हणाला.